मोह आणि नेम

मोहापासून मन कसे राखावे, हा प्रश्न प्रत्येक धर्माने विचारला आहे आणि प्रत्येक घरात तो रोज नव्याने उभा राहतो. ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचा जो विचार केला आहे, तो आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. त्या विचाराचे सार असे, की मोहाशी झुंज सहसा मोहाच्या घटकेला जिंकली जात नाही. ती त्यापूर्वी, मन शांत असताना, रोजच्या लहानशा नेमाने जिंकलेली असावी लागते. हे सार उलगडून पाहण्यास आपल्या भाषेतील एक शब्द आणि आपल्या सरहद्दीवरील एक रान फार उपयोगी पडते.

तो शब्द म्हणजे 'मोह' हाच. मनाला भूल पाडणारी ओढ, हा त्याचा एक अर्थ. षड्रिपूंच्या यादीत मोह हा सहांपैकी एक शत्रू आहे. मराठी ख्रिस्ती लोक मात्र पापाकडे खेचणाऱ्या कोणत्याही प्रलोभनास मोहच म्हणतात. शब्दाचा दुसरा अर्थ विदर्भाच्या रानात विचारावा. तेथे मोह हे झाडाचे नाव आहे. प्राणहितेच्या पश्चिमेस बेज्जूर हे गाव आहे. ते पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची फेररचना झाल्यापासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा या मुलखात कानी पडतात. तेलुगूत या झाडाला 'इप्पा' म्हणतात, त्यामुळे मोहाच्या झाडाचा आणि मनाच्या मोहाचा संबंध तेलुगू शेजाऱ्यास समजावून सांगावा लागतो. मराठी माणसाला तो शब्द उच्चारताच जाणवतो.

फाल्गुन-चैत्रात ही झाडे फुलतात. फूल रात्री उमलते आणि पहाटे जमिनीवर गळून पडते. उजाडण्यापूर्वी बायामाणसे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि ऊन चढेपर्यंत फुले वेचतात. नेमके हेच दिवस बहुधा ख्रिस्ती पंचांगातील उपवासकाळाचे असतात. बाहेर रानात मोह गळत असतो आणि देवळात मोहाविषयी प्रवचन चाललेले असते. हा योगायोग आहे, परंतु बोधप्रद आहे.

या फुलाचे काय काय होते, ते पाहावे. ते वाळवून ठेवले तर धान्य संपल्यावर पोटाला आधार होतो. बाजारात विकले तर मीठमिरचीचे पैसे येतात. बियांचे तेल निघते. गोंड समाजाच्या धार्मिक विधींत या झाडाला मानाचे स्थान आहे. आणि तेच फूल आंबवून, भट्टीवर चढवून त्याची दारू होते. फूल एकच. त्याने कोणाचे घर तरते आणि कोणाचे बुडते. यात फुलाकडे दोष जात नाही.

ख्रिस्ती धर्माची मोहाविषयीची पहिली शिकवण हीच आहे. परमेश्वराने जे निर्माण केले ते चांगले आहे, असे बायबलच्या पहिल्याच अध्यायात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. भूक चांगली, झोप चांगली, स्त्रीपुरुषांची परस्पर ओढ चांगली, कष्टाने मिळवलेला पैसा चांगला, लोकांनी दिलेला मानही चांगला. चांगली वस्तू अवेळी, अमर्याद किंवा दुसऱ्याच्या वाट्याची घ्यावी असे वाटणे, हा मोह. म्हणून आध्यात्मिक साधना म्हणजे सृष्टीचा द्वेष किंवा शरीराचा सूड, असे जे कोणी समजतात त्यांची समजूत चुकीची आहे. साधनेचे काम वस्तूला तिच्या जागी आणि मापात ठेवण्याचे आहे.

दुसरी शिकवण तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती न कळल्यामुळे पुष्कळ भाविक मने विनाकारण कष्टी होतात. मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर आलेले संत ग्रेगरी यांनी मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली सूचना, दुसरी रुची, तिसरी संमती. एक उदाहरण घेऊ. एक मजूर आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे घेऊन घरी निघाला आहे. वाटेत दारूचे दुकान दिसते आणि 'जरा बसावे' असा विचार मनात येतो. ही सूचना. विचार येणे त्याच्या हाती नव्हते. पक्षी डोक्यावरून उडून गेला तर त्यात डोक्याचा काय दोष? मग त्याची पावले मंदावतात, पहिल्या घोटाची चव आठवते, सोबत्यांची हसणी-खिदळणी आठवते, आणि तो त्या आठवणीत रमतो. ही रुची. शेवटी तो वळतो आणि आत जातो. ही संमती, आणि पाप पूर्ण होते ते या पायरीवर.

आता विचार करा, या माणसाला थांबावयाचे असेल तर कोठे थांबणे सोपे? दुकानाच्या उंबरठ्यावर उभे राहिल्यावर मनाचे बळ जवळजवळ संपलेले असते. दुसऱ्या पायरीच्या आरंभी, पावले मंदावण्यापूर्वी, थोडक्या बळाने काम होते. आणि त्याच्याही आधी, सकाळी घरून निघतानाच परतीची वाट ठरवलेली असेल, किंवा पैसे घ्यायला बायको बाजारात येणार असे ठरलेले असेल, तर सूचनेलाच फारशी जागा राहत नाही. नेमाचे स्थान येथे आहे. नेम म्हणजे शांत वेळी केलेला निश्चय, जो अशांत वेळी आपल्या वतीने उभा राहतो.

शुभवर्तमानातील वाळवंटाचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर प्रभू येशू पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने वाळवंटात गेला. तेथे त्याने चाळीस दिवस उपवास केला. त्यानंतर त्याला भूक लागली, आणि सैतान पुढे आला. धोंड्यांच्या भाकरी कराव्यात, ही एक सूचना. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाची परीक्षा पाहावी, ही दुसरी. सैतानाला नमन करून जगातील सर्व राज्ये मिळवावीत, ही तिसरी. संत मत्तय यांनी हा क्रम दिला आहे. संत लूक यांच्या शुभवर्तमानात शेवटचे दोन मोह उलट क्रमाने येतात. भाकर, संरक्षण आणि सत्ता या तिन्ही गोष्टी मुळात वाईट नाहीत, हे येथेही ध्यानात घ्यावे. तिन्ही सूचना चांगल्या वस्तूंच्याच होत्या. वाट तेवढी वाकडी होती.

प्रभूने वाद घातला नाही. तिन्ही वेळा त्याने शास्त्रातील एकेक वचन पुढे ठेवले आणि तो थांबला. ही तिन्ही वचने जुन्या करारातील 'अनुवाद' या एकाच पुस्तकातील आहेत, त्याच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील. इस्राएल लोकांनी चाळीस वर्षे रानात काढली, त्या काळाची आठवण देणारे हे अध्याय आहेत. भुकेने शरीर गळून गेलेले असताना ही वचने कोठून आली? ती आधीच साठवलेली होती. नाझरेथच्या घरी आणि सभास्थानात, लहानपणापासून, शब्बाथामागून शब्बाथ ती कानी पडत होती आणि मनात मुरत होती. ज्याने विहीर आधी खणून ठेवली, त्याला तहानेच्या वेळी पाणी मिळाले.

या प्रसंगात एक सूक्ष्म खूण आहे. मंदिराच्या शिखरावर सैतानही शास्त्रवचन बोलतो; स्तोत्रसंहितेतील वचन तो म्हणून दाखवतो. म्हणजे नुसते पाठांतर पुरेसे नाही. शाळेत आम्ही शिक्षक मुलांना सांगत असतो, की कविता पाठ झाली म्हणजे समजली असे नाही. पण पाठच नसेल तर समजण्यासाठी मनात उरणार काय? वचन पाठ असावे, त्याचे चिंतन झालेले असावे आणि ते आचरणात थोडेतरी उतरलेले असावे. मगच ते प्रसंगी हाताशी येते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रिअस नावाचे एक तपस्वी होऊन गेले. त्यांनी माणसाच्या मनात शिरणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली आणि तिच्यातूनच सात प्रमुख पापांची परिचित यादी तयार झाली. इव्हाग्रिअस यांनी याही पुढे जाऊन प्रत्येक विचाराला उत्तर म्हणून म्हणावयाच्या शास्त्रवचनांचा एक ग्रंथच तयार केला. रागाच्या वेळी कोणते वचन, लोभाच्या वेळी कोणते, अशी ती शिदोरी होती. वाळवंटात प्रभूने जे केले, ते सामान्य साधकाला करता यावे, हा त्यामागील हेतू.

आपल्या मराठीतही अशी शिदोरी बांधण्याचा मोठा प्रयत्न झाला. इंग्लंडातून गोव्यास आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या ओठांवर दुसरे काही आलेले नव्हते. ती पोकळी ओवीनेच भरावी, हे स्टीफन्स यांनी ओळखले. ओवी जात्यावर येते, शेतात येते, अंथरुणावर पडल्या पडल्या आठवते. मोकळ्या मनात मोह लवकर घर करतो. ओवीने भरलेल्या मनात त्याला जागा शोधावी लागते.

येथपर्यंत मनाचा विचार झाला. पण मोह बाहेरही असतो, आणि बाहेरचा मोह काढून टाकला तर काम भागेल की नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर बेज्जूरच्या परिसरात नदीच देते. प्राणहितेच्या पूर्व काठावर महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आणि गावोगावच्या स्त्रीपुरुषांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी लागू झाली. त्याच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. नदीच्या अलीकडे, त्या वेळच्या आंध्र प्रदेशात, १९९५ च्या जानेवारीत दारूबंदी झाली आणि १९९७ मध्ये ती सैल करण्यात आली. कायदा असा कधी नदीच्या एका काठावर असतो, कधी दुसऱ्या. सरकार बदलले की तोही बदलू शकतो. तहान मात्र दोन्ही काठांवर सारखीच असते.

यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. दारूच्या दुकानापासून घर जितके दूर, तितके त्या घरातील स्त्रीला आणि लेकरांना अधिक सुखाने श्वास घेता येतो, हे कोणीही नाकारू नये. कायदा कुंपण घालतो, आणि कुंपणाची गरज असते. परंतु कुंपणाच्या आत पीक घेण्याचे काम शेतकऱ्यालाच करावे लागते. जो माणूस कुंपण पडल्यावरही दारूकडे वळणार नाही असा व्हावा, त्याला आतून घडावे लागते. अशा घडण्याचे एक विलक्षण उदाहरण आयर्लंडमध्ये घडले.

मॅट टॅल्बट हा डब्लिन शहरातील एक मजूर. त्याचा जन्म १८५६ चा. वयाच्या बाराव्या वर्षी तो मद्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच पिऊ लागला. पुढील सोळा वर्षे त्याची सगळी मजुरी दारूत गेली. एकदा दारूसाठी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एका फिरस्त्या वादकाचे व्हायोलिन चोरून विकले. १८८४ साली एका आठवड्यात काम नसल्याने तो कफल्लक झाला. पगाराच्या दिवशी तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजले होते, ते आपल्याला पाजतील अशी त्याची आशा होती. कोणी विचारले नाही. तो घरी परतला, आईला सांगून बाहेर पडला आणि एका धर्मगुरूकडे जाऊन त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली.

ही शपथ किती दिवसांची होती, हे ऐकण्यासारखे आहे. ती तीन महिन्यांची होती. जन्मभराचा शब्द देण्याचे बळ त्या दिवशी त्याच्यात नव्हते. त्याने तीन महिने पाळले, मग मुदत वाढवली, आणि शेवटी जन्मभराची शपथ घेतली. कामावरून सुटल्यावर सोबती गुत्त्याकडे वळत, त्या वेळी तो देवळाची वाट धरी. खिशात पैसे असले तर पाय वळतील, म्हणून तो पैसे बाळगीनासा झाला. पहाटेच्या मिस्साने त्याचा दिवस सुरू होई. त्याने लोकांची जुनी देणी फेडली. तो वादक शोधूनही सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास त्याने पैसे दिले. १९२५ च्या ७ जून रोजी मिस्साला जात असताना रस्त्यातच त्याला मृत्यू आला. एकेचाळीस वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

टॅल्बटच्या चरित्रात ख्रिस्ती साधनेची जवळजवळ सर्व अंगे सापडतात. त्यांतील मुख्य पाच आता क्रमाने पाहू.

पहिले अंग ठराविक वेळेची प्रार्थना. मन लागले तर प्रार्थना करीन, असे म्हणणाऱ्याची प्रार्थना हळूहळू बंद पडते. मन लागो वा न लागो, सकाळी उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे तरी देवापुढे बसावे. घरात संध्याकाळी जपमाळ होत असेल तर फारच उत्तम. संत इग्नेशिअस लोयोला यांनी साधकाला एक युक्ती सांगितली आहे: प्रार्थनेची ठरवलेली वेळ संपण्यापूर्वी उठावेसे वाटले, तर ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच बसावे. उठण्याची ओढ हाच तेथे मोह असतो, आणि त्याच्या विरुद्ध दिशेला एक पाऊल टाकले की त्याचा जोर ओसरतो.

दुसरे अंग उपवास. पोपनी १९६६ साली केलेल्या सुधारणेनंतर लॅटिन परंपरेत सक्तीचे उपवास दोनच उरले, राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत हा नियम लागू असतो. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा अल्पाहार घेता येतो. मांसवर्जनाचा नियम चौदाव्या वर्षापासून आहे. वसईच्या आणि मुंबईच्या कॅथलिकांना हा क्रम परिचित आहे. बेज्जूरच्या बाजूचा धर्मप्रांत मात्र सीरो-मलबार परंपरेचा आहे. १९६२ साली चांदा येथील मिशनकार्य कार्मेल संघाच्या केरळीय धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले, आणि १९९९ साली त्यातून आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. या परंपरेत महाउपवासाचा आरंभ बुधवारऐवजी सोमवारी होतो आणि जुन्या वळणाची माणसे पन्नास दिवस मांसमासळी वर्ज्य करतात.

अन्नाचाच उपवास का, असे कोणी विचारील. कारण भूक ही सर्वांत साधी आणि निरपराध इच्छा आहे. समोर ताट असताना 'आता नको' असे जो म्हणू शकला, त्याने नकाराचा सराव केला. हाच सराव पुढे रागाच्या वेळी जिभेला आणि लाचेच्या वेळी हाताला उपयोगी पडतो. एकादशी करणाऱ्या वारकऱ्याला आणि रोजा धरणाऱ्या मुसलमान बांधवाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. ख्रिस्ती परंपरेने उपवासाला दानाची जोड दिली आहे. वाचलेला घास भुकेल्याच्या पानात पडला तरच उपवास पुरा झाला. नाहीतर तो नुसता काटकसरीचा प्रकार होतो.

तिसरे अंग प्रसंग टाळणे. पापनिवेदनानंतर केल्या जाणाऱ्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पापाबरोबर पापाचे प्रसंगही टाळण्याचा संकल्प असतो. टॅल्बटने खिसा रिकामा ठेवला, तो याच संकल्पाने. आपल्या काळातील गुत्ता पुष्कळदा उशाशीच असतो. रात्री मोबाइल हाताशी ठेवून निजणारा तरुण मध्यरात्री नको ते पाहणार नाही किंवा पैशांचा खेळ खेळणार नाही, अशी अपेक्षा करणे म्हणजे भट्टीशेजारी कापूस ठेवण्यासारखे आहे. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. हा उपाय इतका साधा आहे, की त्याला आध्यात्मिक म्हणण्यास संकोच वाटावा. तरीही तो आध्यात्मिकच आहे, कारण आपण दुर्बळ आहोत ही नम्रता त्यात आहे.

चौथे अंग आत्मपरीक्षण. संत इग्नेशिअस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास १५४८ साली पोपनी मान्यता दिली. त्यात एक पद्धत आहे, ती शिक्षकाला विशेष आवडण्यासारखी आहे. सर्व दोष एकदम सुधारू नयेत, एकच निवडावा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखाव्यात, दर दिवसाला दोन. दुपारी आणि रात्री जेवणानंतर थोडे थांबून, तो दोष किती वेळा घडला तितके ठिपके रेघेवर मांडावेत. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी, कालची आजच्याशी, मागच्या आठवड्याची या आठवड्याशी ताडून पाहावी. यात स्वतःला दूषणे देत बसण्याचे कारण नाही. ठिपके पाहिल्यावर कळते, की राग येतो तो बहुधा दुपारच्या भुकेच्या वेळी, किंवा निंदा घडते ती एका ठराविक ओट्यावर बसल्यावर. शत्रू कोठून येतो हे कळले, की पहारा कोठे ठेवावा हे कळते. इग्नेशिअस हे मूळचे लढवय्ये. किल्ल्याची दुबळी बाजू हेरून तेथूनच हल्ला करणाऱ्या सेनापतीची उपमा त्यांनी मोहाला दिली आहे, ती अनुभवाची आहे.

पाचवे अंग मन मोकळे करणे. मोहाला गुप्ततेचे बळ असते. जे कोणाला सांगता येत नाही, ते मनात एकटेच वाढत राहते. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरूपुढे ते शब्दांत मांडले, की अंधारातील दोरखंडाचा साप पुन्हा दोरखंड होतो. व्यसनमुक्तीच्या सभांतही हाच अनुभव येतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या बंधुत्वात माणूस सर्वांसमोर उभा राहून आपले व्यसन कबूल करतो, आणि केवळ आजचा दिवस न पिण्याचा निश्चय करतो. टॅल्बटच्या तीन महिन्यांच्या शपथेचेच हे अधिक लहान माप आहे.

ही पाच अंगे सांगितल्यावर एक धोक्याची सूचना दिली पाहिजे, आणि ती देण्यासाठी पुन्हा मोहाच्या झाडाखाली जावे लागेल. फुले गळण्याच्या दिवसांत झाडाखाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्यात फुले सापडत नाहीत. म्हणून काही ठिकाणी लोक पाचोळा पेटवून देतात. जमीन एका रात्रीत साफ होते. पण वाऱ्याने आग पसरली तर रान जळते, कोवळी रोपे जळतात, पाखरांची घरटी जळतात. दुसरा मार्ग खराट्याचा आहे. रोज पहाटे झाडाखालची जागा झाडावी आणि फुले वेचावीत. यात वेळ जातो, कंबर दुखते, पण रान राहते.

साधनेतही आग लावणारे असतात. एकदम अन्न सोडावे, झोप सोडावी, शरीराला यातना द्याव्यात, सर्व दोष एका आठवड्यात जाळून टाकावेत, असा त्यांचा उत्साह असतो. स्वतः इग्नेशिअस १५२२ साली मान्रेसा या गावी असे वागले. अतिउपवासाने त्यांची प्रकृती ढासळली आणि आपली पापे पुरेशी सांगून झाली नाहीत या शंकेने ते इतके ग्रासले, की जीव देण्याचा विचारही त्यांच्या मनात आला. या अनुभवातून ते शहाणे झाले आणि पुढे इतरांना त्यांनी नेहमी मापाचा उपदेश केला. नेम लहान असावा आणि टिकावा. मोठा नेम मोडला, की त्याबरोबर आशाही मोडते.

आता शेवटचा मुद्दा. इतके सर्व करूनही माणूस पडतो. उपवासकाळाच्या दुसऱ्याच आठवड्यात नेम मोडतो. सोडलेली विडी पुन्हा ओठी येते. गिळलेला शब्द पुन्हा तोंडातून बाहेर पडतो. अशा वेळी पहिल्या मोहापेक्षा घातक असा दुसरा मोह येतो, निराशेचा. 'माझ्याने होणार नाही, मग प्रयत्न तरी कशाला?' असे तो कुजबुजतो. इव्हाग्रिअस यांच्या यादीतील उबग तो हाच. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, साधकाचे डोळे खिडकीबाहेर भिरभिरतात, आणि ही कुटी सोडून दुसरीकडे जावे असे त्याला वाटू लागते, असे त्याचे वर्णन त्यांनी केले आहे. त्यावर त्यांचा उपाय एकच: जागा सोडू नये.

या ठिकाणी ख्रिस्ती साधना आणि निव्वळ मनोनिग्रह यांतील भेद स्पष्ट होतो. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजिअस नावाच्या एका तपस्व्याने असे प्रतिपादन केले, की माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो. संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. देवाची कृपा नसेल तर इच्छाच मुळात आजारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि चर्चने तेच मान्य केले. नेमाने माणूस स्वतःला तारीत नाही. पाऊस पाडणे शेतकऱ्याच्या हाती नसते. तो बांध घालतो, जमीन नांगरून ठेवतो, म्हणजे आलेले पाणी वाहून न जाता मुरते. नेमाचे काम तेवढेच आहे. म्हणून पडलेल्या माणसाने आपल्या अपयशाचा हिशेब मांडत बसू नये. त्याने प्रायश्चित्त संस्कारासाठी जावे, क्षमा घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळी पुन्हा प्रार्थनेस बसावे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेचे मागणे आधी आणि मोहापासून रक्षणाचे मागणे त्यानंतर लगेच येते, हा क्रम मोठ्या दयेचा आहे.

श्रोतेहो, येत्या उपवासकाळात ज्यांना काही आरंभ करावयाचा असेल, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. एक दोष निवडा. त्याला उत्तर म्हणून शास्त्रातील एक वचन पाठ करा. प्रार्थनेची एक वेळ ठरवा. एक प्रसंग टाळा. आणि एका विश्वासू माणसाला हे सांगून ठेवा. मुदत पहिल्याने एका आठवड्याची ठेवा. तो पार पडला की पुढच्या आठवड्याचा शब्द द्या. बेज्जूरच्या रानातील बाया रोज पहाटे त्याच झाडाखाली जातात. कालची फुले कालच वेचून झालेली असतात, आजची आज वेचावी लागतात, आणि कोणत्याही एका सकाळी टोपली फारशी जड नसते. तरी चैत्र सरतो तेव्हा घरात वर्षाची बेगमी झालेली असते.